डावं मागचं चाक

माझी थोरली बहीण कवळ्या बनवायची. दातांची डॉक्टरीण पुढच्या खोलीत माप घ्यायची आणि मागच्या खोलीत ताई त्या मापाचे दात तयार करायची. छत्तीस वर्षं तिनं हेच काम केलं. खोलीत एक लांब टेबल, प्लास्टरचे साचे ठेवायची फळी, मेण वितळवायचा दिवा, आणि घासकाम करायचं एक छोटं यंत्र, ज्याचा आवाज ऐकून पुढच्या खोलीतले निम्मे पेशंट घाबरायचे. दिवसभर ती दुसऱ्यांच्या हसण्याकडे बघत असायची, पण ते हसणं प्लास्टरचं. आपल्या हातचे दात लावून कोण कुठे हसतंय, हे तिला सहसा कळायचंही नाही.

आणि घरी तिच्याकडे शर्यतीच्या गाड्या होत्या. खेळण्यातल्या म्हटलं की ती चिडायची. या मापानं केलेल्या होत्या, खरी गाडी त्रेचाळीस पट लहान केली की होईल तेवढ्या. तळहातावर मावतील अशा. आमच्या समोरच्या खोलीत काचेचं कपाट होतं. इतरांच्या घरात अशा कपाटात चांगल्या कपबश्या असतात. आमच्या कपबश्या स्वयंपाकघरात एकमेकींवर चढून बसायच्या आणि कपाटात एकशे अठरा गाड्या ऐसपैस राहायच्या.

सुरुवात अगदी फुटकळ झाली. ताई बाविशीची होती, नुकती कामाला लागली होती. नकली दातांचे खोके घेऊन येणाऱ्या विक्रेत्यानं डॉक्टरीणबाईंना भेट म्हणून एक छोटी लाल गाडी दिली. बाईंनी ती न बघताच बाजूला सारली. ताईनं विचारलं, घेऊ का. घरी आणून तिनं ती खिडकीत ठेवली आणि जेवायला हाक मारली तरी आली नाही. मी जाऊन पाहिलं तर ही बाई जमिनीवर आडवी, गाल फरशीला टेकलेला, एक डोळा मिटलेला. गाडी तिनं चार हातांवर ठेवली होती.

"इथून बघ," ती म्हणाली. "इथून ती लहान नाहीये."

मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे हिशेब करणं हा माझा धर्म. त्याच दिवशी मी तिला सांगितलं की या मापात तू साडेतीन सेंटिमीटरची होशील आणि आपला घरातला बोळ तुला अडीचशे मीटर लांब वाटेल. तिनं मान वळवून बोळाकडे पाहिलं. मग म्हणाली, अडीचशे मीटर म्हणजे पुरेसा सरळ रस्ता झाला. त्यानंतर कित्येक रविवारी दुपारी, पडद्यातून पिवळट ऊन फरशीवर सांडलेलं असताना, मी वह्या तपासायचे आणि ती बोळात पडून राहायची. झोपलेली नसायची आणि जागी आहे असंही म्हणता यायचं नाही. मध्येच उठून सांगायची की दाराच्या उंबऱ्यापाशी वळण फार तीव्र आहे, तिथे वेग कमी करावा लागतो. मी बरं म्हणायचे.

नव्याकोऱ्या गाड्या ती क्वचितच घ्यायची. जुन्या बाजारात मोडकी, एक चाक गेलेली, काच फुटलेली गाडी दिसली की हिचे डोळे चमकायचे. दाताला वापरायची बारीक तार चाकाच्या आऱ्यांना चालायची. कवळीचं मटेरियल तुटक्या पंखाला चालायचं. पातळ मेणावर ती हरवलेल्या भागाचा आकार कोरायची, अगदी दात कोरावा तसा, आणि मग साच्यात ओतायची. दुकानदार विचारायचे, मुलासाठी का? ती म्हणायची, नाही, माझ्यासाठी. एकदा एक गृहस्थ लग्नाचं विचारायला घरी आले होते. भला माणूस होता. कपाटापुढे उभं राहून त्यांनी कौतुकानं विचारलं, की धाकट्या भावाचा छंद वाटतं? आम्हाला भाऊच नाही. ताईनं खरं ते सांगितलं. गृहस्थांनी चहा संपवला आणि पुन्हा फिरकले नाहीत. मी आठवडाभर तिच्याकडे चोरून बघत होते की हिला लागलं का काही. ती निळ्या गाडीच्या नंबराचा सहा रंगवत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, तू बघतेस म्हणून माझा हात हलतोय.

गंमत म्हणजे खरी गाडी तिला कधी चालवता आली नाही. चाळिशीत तिनं ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं. चार दिवस गेली आणि पाचव्या दिवशी घरीच बसली. म्हणाली, इतकी मोठी गाडी काय करायची, तिच्यात बसलं की ती दिसतच नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग ताई छपन्न वर्षांची असताना काका आले.

काका म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांचे एक उंच, वाळलेले गृहस्थ. वरखाली दोन्ही कवळ्या करायच्या होत्या. दात मेणात बसवून झाले की पेशंटच्या तोंडात ते एकदा घालून बघतात, आणि त्या वेळी ताई पुढच्या खोलीत यायची. स अक्षर नीट येतं की नाही यावरून पुढचे दात बरोबर बसलेत का ते कळतं. म्हणून ती सगळ्यांना साठ ते सत्तर आकडे म्हणायला लावायची. काकांनी साठ, एकसष्ट, बासष्ट म्हटलं आणि थांबले. आकड्यांचा कंटाळा आला म्हणाले. ताई म्हणाली, मग दुसरं काही बोला, फक्त त्यात स भरपूर असू दे.

काकांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "सकाळी सात वाजता शर्यत सुरू झाली."

ताईच्या हातातला आरसा तसाच राहिला. डॉक्टरीणबाईंनी नंतर मला सांगितलं की इतक्या वर्षांत तिनं पेशंटला पुढे बोला असं पहिल्यांदाच म्हटलं.

गोष्ट अशी होती. काका तिशीत असताना ज्या गॅरेजात कामाला होते, तिथल्या मालकानं आणि चार मेकॅनिकांनी मिळून एक शर्यतीची गाडी बांधली. इंजिन एका मोडीत निघालेल्या गाडीचं, पत्रा हातानं ठोकलेला. नंबर बावीस. डोंगरातल्या रस्त्यावर तीस फेऱ्यांची शर्यत होती. गाडी तेवीस फेऱ्या धावली आणि बंद पडली. पुढे मालकानं ती विकली, घेणाऱ्यानं इंजिन काढून घेतलं आणि बाकीचं भंगारात गेलं. फोटो नाही, काही नाही. अशा गाडीचं छोटं मॉडेल जगात कुणी कशाला काढेल?

ताई घरी आली ती दुसऱ्याच जगात. ताटातलं काय खाल्लं ते तिला कळलं नसावं. मग म्हणाली, ती गाडी मी करणार आहे. तोवर तिनं तुटलेल्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या, पण मुळापासून एकही केली नव्हती. मी म्हटलं, फोटोशिवाय कशी करशील? ती म्हणाली, तोंडात एकही दात नसलेल्या माणसाचे दात मी करतेच की. विचारायचं, बघायचं, अंदाज करायचा, लावून बघायचं.

त्यानंतर काकांची कवळी जरा जास्तच वेळा घासायला लागली. एका हिरडीला टोचायची, मग दुसरीला. हे निमित्त आहे हे ताईला ठाऊक होतं आणि काकांनाही. गुरुवारी चारच्या सुमारास पेशंट कमी असत, तेव्हा ते मागच्या खोलीत स्टुलावर येऊन बसत. ती दोन बोटांनी कवळी धरून उगीच थोडंसं घासायची आणि विचारायची, टाकी कुठे होती? एग्झॉस्ट कुठून बाहेर यायचा? काका डोळे मिटून सांगत. गाडीचा रंग पिवळा होता, पण पिवळा नव्हे. जुन्या कागदासारखा. डाव्या मागच्या चाकाच्या वर पत्र्याला एक बारीक पोचा होता, हातोडा निसटून लागला होता. चाकाच्या मधोमध एक मोठा नट, त्याला दोन कान. तांब्याच्या हातोडीनं कानावर मारायचं, तीन घावात सुटला पाहिजे. डाव्या बाजूचे नट एका दिशेनं सुटतात आणि उजव्या बाजूचे उलट. मागच्या चाकाच्या आऱ्यांवर फेरीगणिक तेल उडून काळपट नक्षी तयार व्हायची, ती सुद्धा त्यांना पाठ होती.

ताई ते सगळं एका कागदावर उतरवत होती. गुरुवारामागून गुरुवार कागद भरत गेला. मग एकदा तिनं विचारलं, स्टिअरिंगला आऱ्या तीन होत्या की चार?

काकांनी डोळे उघडले. मग म्हणाले, काळं असावं ते. आणि थोड्या वेळानं, आज निघतो म्हणाले.

त्या संध्याकाळी ताईनं कागद माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर पसरला. गाडीचं चित्र होतं, चारी बाजूंनी. मागची डावी बाजू पेन्सिलीनं इतकी भरलेली होती की कागद चकाकत होता. तिथून पुढे जाता जाता रेषा विरळ होत गेल्या होत्या. उजवी बाजू कोरी. आत, जिथे चालवणारा बसतो, तिथे फक्त एक गोल.

"काय दिसतं?" तिनं विचारलं.

मला काही दिसेना. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खुर्चीतून खाली बसवलं, उकिडवं, आणि टेबलाच्या कडेपाशी माझं डोकं आणलं. म्हणाली, सगळं इथून दिसलेलं आहे. एवढ्या उंचीवरून. याच कोपऱ्यातून. ते गाडीत कधी बसलेच नाहीत. ते चाक बदलायचे. हे एकच चाक.

मला राग आला. गणिताच्या बाईला चुकीचं उत्तर खपत नाही. मी म्हटलं, म्हणजे इतके महिने आपल्याला फसवलं त्यांनी? दवाखान्यातले सगळे त्यांना रेसर काका म्हणतात आणि ते खुशाल ऐकून घेतात.

"ते कधी म्हणाले की मी चालवली म्हणून?" ताईनं विचारलं. "गाडी धावली म्हणाले. आपणच त्यांना आत बसवलं."

मी आठवून पाहिलं. तिचं खरं होतं.

पुढच्या गुरुवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ताईनं निरोप पाठवला नाही, फोन केला नाही. पण गाडी सुरू केली. आधी मेणाचा आकार केला, नखाएवढ्या पात्यानं खरवडत खरवडत. मग प्लास्टरचा साचा, मग ओतकाम. दवाखान्यात त्या वेळी उरलेलं मटेरियल गुलाबी होतं, हिरड्यांचं. त्यामुळे नंबर बावीसची गाडी साच्यातून बाहेर आली ती हिरडीसारखी गुलाबी. आम्ही दोघी इतक्या हसलो की मला बसावं लागलं. मग तिनं रंग लावायला घेतला. जुन्या कागदाचा रंग तिला तीनदा पुसावा लागला. शेवटी माझ्या पहिल्या वर्षाच्या हजेरीचं पुस्तक तिनं समोर उघडून ठेवलं आणि त्याच्या पानाशी जुळवला. डाव्या बाजूला तिनं सगळं केलं. पोचा, कानांचा नट, तेलाची नक्षी. नक्षीसाठी एका केसाचा ब्रश होता, आणि तो केस माझा होता. उजवी बाजू तिनं नुसती गुळगुळीत ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, जे कुणालाच आठवत नाही ते मी कसं बनवू.

त्या पाच महिन्यांत ती फार बोलायची नाही. आमच्या घरात एक प्रकारची सावकाश शांतता आली होती. मी शाळेतून आले की खिडकीपाशी तिची वाकलेली पाठ दिसायची, आणि टेबलावरच्या भिंगात एक मोठा, स्थिर डोळा. कधी कधी मला वाटायचं की तिला हाक मारली तर आवाज तिथवर पोचायला वेळ लागेल, डोंगराच्या पलीकडून येतो तसा. एकदा तिनं मला सकाळी सांगितलं की स्वप्नात ती त्या रस्त्याच्या कडेला उभी होती. धुकं होतं. गाड्या दिसत नव्हत्या, फक्त एकेक आवाज जवळ यायचा आणि निघून जायचा. मी विचारलं, मग? ती म्हणाली, मग काही नाही, फार बरं वाटत होतं.

गाडी तयार झाल्यावर तिनं आणखी एक गोष्ट केली. मेणाची एक आकृती कोरली आणि ओतली. डाव्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसलेला एक तरुण माणूस, जेमतेम दोन सेंटिमीटर उंच, उजव्या हातात हातोडी उगारलेली. चेहरा नीट केला नव्हता, कारण तरुणपणीचा चेहरा तिनं पाहिला नव्हता. पण पाठीची लांबी आणि मान काकांची होती. मग तिनं डॉक्टरीणबाईंकडून काकांचा नंबर घेतला आणि फोन करून सांगितलं, कवळी तपासायची वेळ झाली आहे, पण या खेपेला घरी या.

ते एका शनिवारी दुपारी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. मी दार उघडलं आणि मला त्यांच्यापुढे जरा लाजच वाटली, कारण मी त्यांच्यावर रागावले होते हे त्यांना माहीतही नव्हतं. आधी ते कपाटापुढे उभे राहिले. एकशे अठरा गाड्या त्यांनी एकेक करून पाहिल्या, हात पाठीमागे बांधून. मग ताईनं त्यांना खिडकीपाशी नेलं.

काका वाकले. मग गुडघ्यावर हात टेकून आणखी वाकले. शेवटी त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि हळूहळू, हाडं कुरकुरत, उकिडवे बसले, टेबलाच्या कडेला डोळे येतील असे. मी पुढे झाले तर ताईनं मला डोळ्यांनी थांबवलं. किती तरी वेळ ते तसेच बसून होते. बाहेर रस्त्यावर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"हातोडी चुकीच्या हातात आहे," काका म्हणाले. "मी डावरा."

ताईनं भिंग डोळ्याला लावलं, चिमट्यानं तो माणूस उचलला, दिव्यावर पातं तापवलं आणि तिथल्या तिथे त्याचे हात काढून अदलाबदल करून बसवले. पाच-सात मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी काकांना खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही, नुसतं धरून ठेवलं.

मग ते बोलले. ताईकडे न बघता, गाडीकडे बघत. स अगदी स्वच्छ येत होता.

"तेवीस फेऱ्यांत मी दोनदा चाक बदललं. तिसऱ्यांदा बदलायचं होतं. मी नवं चाक मांडीला टेकवून तयार बसलो होतो. आपल्या गाडीचा आवाज मला लांबून ओळखू यायचा. वळणावर एक खोकल्यासारखा आवाज करायची ती. मी ऐकत होतो. दुसऱ्या गाड्या आल्या, गेल्या. ती आली नाही. मालक म्हणाले, ठेव रे ते चाक. मी ठेवलं नाही. शर्यत संपली, लोक उठून गेले, तरी मी धरून बसलो होतो. मग ड्रायव्हर डोंगरावरून चालत आला, हेल्मेट काखेत धरून. त्याला सगळ्यांनी पाठीवर थोपटलं." ते थांबले. "तुम्ही लोक मला रेसर म्हणायला लागलात तेव्हा सांगायला हवं होतं. पण ऐकायला बरं वाटलं."

ताई म्हणाली, "काका, ड्रायव्हरला हा पोचा दिसला असता का?"

त्यांनी विचार केला. "नाही," ते म्हणाले. "त्याला फक्त रस्ता दिसायचा."

ताईनं तो माणूस पुन्हा चाकापाशी ठेवला, डाव्या हातात हातोडी. काका हसले. ताई नंतर मला म्हणाली की वरचा तिसरा दात किंचित आत हवा होता, तिला ते तेव्हाच दिसलं. पण तोंडातल्या तोंडात नव्हे, मोकळेपणानं हसताना आपल्या हातचे दात तिनं त्या दिवशी पाहिले, आणि ती सारखी तेच सांगत राहिली.

गाडी तिनं त्यांना देऊ केली. ते नको म्हणाले. मुलीच्या घरी राहायला जाणार होते, दुसऱ्या गावी, तिथे नातवंडं सगळ्याची वाट लावतात म्हणाले. इथेच राहू द्या, इथे सोबत आहे. जाईपर्यंत ते गुरुवारी येत राहिले, आता कवळीचं निमित्त न करता. मग गेले. अधूनमधून त्यांच्या मुलीचा फोन येतो. बाबा बरे आहेत, सफरचंद चावून खातात, आणि घरातल्या सगळ्या लहानग्यांना नट कुठल्या दिशेनं सुटतो ते शिकवून झालं आहे.

ताईच्या कपाटात मात्र गर्दी होऊ लागली. नव्या गाड्या तिनं घेतल्या नाहीत. पण हळूहळू जुन्या गाड्यांच्या अवतीभोवती माणसं दिसायला लागली. झेंडा घेतलेला एक लठ्ठ माणूस. पेट्रोलचा कॅन दोन्ही हातांनी उचलणारा. कठड्यावर बसून डबा खाणारी एक बाई. रस्ता झाडणारा. मी म्हटलं, ड्रायव्हर कुठे आहेत? ती म्हणाली, ते आहेत की आत, दिसत नाहीत एवढंच.

मागच्या महिन्यात ती कामावरून निवृत्त झाली. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं मला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि हातात आमचं गजराचं घड्याळ दिलं. फेऱ्यांची वेळ टिपणारी बाई तिला करायची होती आणि तशी कुणी तिच्या पाहण्यात नव्हती. हनुवटी वर कर, म्हणाली. लांब बघ, वळणाकडे. मी समोरच्या इमारतीच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. ऊन अंगावर येत होतं. तिच्या पात्याचा मेणावर खरखर आवाज होत होता, अगदी हलका, आणि त्या पलीकडे रस्त्यावरचे आवाज एकेक करून जवळ येत होते आणि विरत होते. मी किती वेळ तशी बसले होते ते मला सांगता येणार नाही, घड्याळ हातात असूनही.